पुलावरच्या दुकानात सुमनवहिनी

सुमनवहिनी कधी कुणाची माफी मागत नसत. चुकलं की डबा पाठवत. शारजात, सोन्याच्या दुकानांनी गजबजलेल्या रोल्ला भागात आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. असे सात डबे मी स्वतः खाल्ले आहेत.

मुलाच्या बाबतीत डबा चालला नाही. निखिलने फ्लॉरेन्समधल्या एका सोनाराच्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या, "तिला आणणार असशील तर तूही येऊ नकोस. खलास." तो आला नाही. वडील गेले तेव्हाही नाही. पुढे त्याने नंबर बदलला. त्याच्या सासऱ्यांचं दुकान तिथल्या जुन्या पुलावर आहे, एवढंच वहिनींना ठाऊक होतं. आम्ही सुट्टीत इटलीला निघालो, तेव्हा मलाही न्या, म्हणून त्या माझ्या बायकोच्या मागे लागल्या.

पुलावर दोन्ही बाजूंना सोन्याची दुकानं, इतकी दाट की खाली नदी आहे हे कळतच नाही. "हा कसला पूल, भाऊजी? हे तर रोल्लाच," वहिनी म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. बायको मुलांना घेऊन पुढे गेली. वहिनी प्रत्येक काचेतून दागिने सोडून माणसं बघत होत्या.

एका दुकानात काउंटरमागे निखिल सापडला. आईकडे बघून म्हणाला, "येस मॅडम?"

मी त्यांच्या जागी असतो तर परत फिरलो असतो. वहिनी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "अंगठ्या दाखव." गिऱ्हाइकाला तो हाकलणार नाही, हा त्यांचा हिशेब माझ्या लक्षात आला. त्या मराठीत विचारत, तो इंग्रजीत किंमत सांगे. एक अंगठी त्यांच्या सुजलेल्या बोटात अडकली. त्याने साबणाचं पाणी आणलं, त्यांचा हात हातात घेतला आणि अंगठी फिरवत फिरवत काढू लागला.

"हळू," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

अंगठी निघाली. त्याने ती पुसून ट्रेमध्ये ठेवली. वहिनींनी ती उचलली आणि त्याच बोटात पार आतपर्यंत ढकलली.

निखिल आपल्या बायकोला हाक मारून पडद्याआड गेला. ती बाहेर आली आणि वहिनींच्या बोटाला साबण लावू लागली. ही बाई कोण, हे तिला माहीत नसावं.

"भाऊजी, हिला विचारा, तो आत रडतोय का."

मी इंग्रजीत विचारलं. ती गोंधळली. पडदा सारून आत पाहिलं, नकारार्थी मान हलवली. मी वहिनींना तसंच सांगितलं.

"नाही ना? बरं. मग बसते मी," वहिनी म्हणाल्या, आणि अंगठीचं बोट पुन्हा तिच्यापुढे धरलं.