काकांचा नवा गाल

सुभानपुऱ्यातले आमचे गुजराती शेजारी, काका, चारचौघांत काही खात नाहीत. कॅन्सरमुळे त्यांचा गाल काढून मांडीच्या कातडीचा नवा लावला, तेव्हापासून तोंडावर रुमाल असतो. चहा विचारला की "नंतर चालशे" म्हणत पाठ फिरवतात.

माझ्या नवऱ्यालाही तेच ऑपरेशन सांगितलं, तेव्हा हे हटून बसले, "तसलं तोंड घेऊन मला जगायचं नाही."

माझ्याकडून ते कळताच काका आले. त्यांनी रुमाल काढला आणि चहात खारी बुडवून आमच्यासमोर खाल्ली. चहाचा ओघळ हनुवटीवरून शर्टावर आला. शरमेने त्यांचे कान लाल झाले, तरी त्यांनी तोंड पुसलं नाही.

"नीट बघा, भाऊ," ते म्हणाले.

मला बघवेना. यांनी मात्र नजर न हटवता हळूच विचारलं, "फार दुखतं का हो?"