क्रीम रंगाची भिंत

रंगाच्या दुकानात छटा जुळवणाऱ्या मास्तरांच्या नजरेचा दरारा होता. गिऱ्हाइकाने जुन्या भिंतीचा पोपडा आणला, की मास्तर तो उजेडात धरत आणि डब्यात दोन-चार थेंब टाकून हुबेहूब तीच छटा काढून देत. तीस वर्षांत एकही डबा परत आला नव्हता. हे ते कुणी न विचारताही सांगत.

पन्नाशी उलटल्यावर मात्र झोपायच्या खोलीत त्यांचं घोडं अडू लागलं. बायकोची काही तक्रार नव्हती, पण मास्तरांनाच ते जिव्हारी लागलं. डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी जाहिरात वाचून ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ गोळ्या मागवल्या आणि बाटली ब्रशांच्या पेटीत दडवली. सकाळ-संध्याकाळ एक. गोळ्या लागू पडल्या, आणि मास्तर शीळ घालत कामाला जाऊ लागले. डोकं ठणके, छाती धडधडे. ती तारुण्याचीच लक्षणं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

खुशीत येऊन त्यांनी त्याच खोलीसाठी बायकोच्या आवडीचा क्रीम रंग बनवला. तो त्यांना सारखा निळसर दिसे, म्हणून ते पिवळा वाढवत गेले. भिंत पिवळीधमक झाली आणि मास्तर तिला क्रीमच म्हणत राहिले. त्याच आठवड्यात दुकानात दोन डबे परत आले. नजर गेली तर आपल्याकडे उरतं काय?

बायको त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. कोणती औषधं चालू आहेत, या प्रश्नावर मास्तरांनी फक्त रक्तदाबाची गोळी सांगितली आणि ते छताकडे बघू लागले. बायकोने पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टर हसले नाहीत. अशा गोळ्यांत कधी कधी गुपचूप याच त्रासावरचं खरं ॲलोपॅथिक औषध मिसळलेलं असतं, त्यानेच निळं दिसत असावं, आणि रक्तदाबाच्या गोळीसोबत ते जिवावरही बेतू शकतं, असं त्यांनी सांगितलं. बाटली आजपासून बंद. मूळ त्रासावर तपासून रीतसर उपचार होतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाहेर आल्यावर मास्तरांनी विचारलं, “तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?”

“वाटलं, झाडपाल्याने काय होणार. आणि तुम्ही किती वर्षांनी शीळ घालत होता.”

आठवड्याने नजर निवळली आणि मास्तरांना ती भिंत खरीखुरी दिसली. ते खजील होऊन नवा डबा घेऊन आले.

“राहू द्या ती तशीच,” बायको म्हणाली. “पुढच्या वेळी फक्त आधी मला विचारा.”

“रंग?”

“रंगही.”