गुड्रुनचा टॉवेल

गुड्रुनने मला बेकरीत ओळखलं नाही, यात खरं तर काळजी करण्यासारखं काही नव्हतं. कपड्यांशिवाय वावरायच्या आमच्या उद्यानातल्या सगळ्यांचंच असं होतं. वर्षानुवर्षं तळ्याकाठी उघड्या अंगाने पाहिलेली माणसं गावात कोट-टोपी घालून समोर आली की परकी वाटतात. "अगं, कपड्यांत ओळखलंच नाही तुला!" हा आमचा जुना विनोद. गुड्रुनही तेच म्हणाली आणि हसली. तरी ते माझ्या मनातून जाईना.

गुड्रुन सात वर्षांची असताना तिच्या घरच्यांसह नऊ कुटुंबांनी उद्यानासाठी माळावरची ही पडीक जागा घेतली. पोराबाळांसकट, कपड्यांशिवाय, उन्हात मोकळं राहायचं, एवढाच हेतू. तळं तिच्या वडिलांनी आणि इतरांनी फावड्यांनी खणलं. गावातली टवाळ पोरं झाडांवर चढून बघायची, म्हणून बायकांनी कडेने झुडपांचं दाट कुंपण लावलं. आता ते दोन पुरुष उंच आहे.

पुढे तिचा नवरा वारला, मुलगा डेटलेफ ब्रेमेन शहरात राहायला गेला. गुड्रुन फाटकाजवळच्या खोलीत राहिली. येणाऱ्याला ती नाव विचारत नाही, हुद्दा तर नाहीच. फक्त "टॉवेल आणलास?" बाक सगळ्यांचे, त्यामुळे आपला टॉवेल अंथरल्याशिवाय कुणी बसायचं नाही. एकदा एक न्यायाधीश टॉवेल विसरले.

"न्यायाधीश असशील कोर्टात," ती म्हणाली. "इथे उभा राहा."

बिचारा संध्याकाळपर्यंत उभाच होता. दुसऱ्या दिवशी दोन टॉवेल घेऊन आला.

मूल पहिल्यांदा आलं की ती त्याच्या टॉवेलवर स्वतः भरतकाम करते. माझी मुलगी रीके पाण्याला फार घाबरायची, म्हणून तिच्या पिवळ्या टॉवेलवर निळ्या दोऱ्याचं बदक आहे.

रविवारी कुंपण छाटायला सगळे जमलो होतो. रीके टॉवेलवर बसली होती. गुड्रुन आली, अंगावर फक्त गवताची टोपी. वाकून तिने बदकावरून बोट फिरवलं.

"किती सुबक काम आहे गं! कुणी केलं?"

"तूच की!" रीके खिदळली.

गुड्रुनही हसली, पण जरा उशिराने. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "डेटलेफला सांगू नकोस हं. तो मला त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेऊन ठेवेल. कपड्यांसकट."

मी शब्द दिला.

पण रोज पहाटे सहाला, फाटक उघडण्याआधी, ती एकटीच तळ्यात पोहायला उतरते. पोहता पोहता काठ कुठल्या बाजूला, हेच विसरली तर? रीकेला झोपवल्यापासून हाच विचार चालू आहे. ज्या बाईने माझ्या मुलीची पाण्याची भीती घालवली, तिच्यासाठी आता मला पाण्याची भीती वाटते.

ती रागावेल. महिनाभर फाटकावर माझ्याशी बोलणार नाही. रागावू दे. डेटलेफ अजून जागा असेल. तिला तिथून हलवू नकोस, आधी येऊन डॉक्टरांना दाखव, असं त्याला सांगते. आणि तो येईपर्यंत सहा वाजता मी असेन तळ्यावर, टॉवेल घेऊन.

नंबर लावते आहे.