गुलाबी बाजू, पांढरी बाजू

एका शनिवारी पहाटे डॉक्टरबाई गेल्या. त्या दिवशी शाळेत तपासणी होती. रांगेत बसलेल्या मुलांना मी वर्गात परत पाठवले.

आता त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तर आधी हसूच येते. त्यांना ओळखणाऱ्या कुणाचेही असेच होत असावे.

वेस्ट मांबलममधल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. बाई दंतमहाविद्यालयात शिकवत आणि शनिवारी आमच्याकडे येत. शाळेत चांगला उजेड फक्त ग्रंथालयाच्या खिडकीतून येतो, म्हणून वाचनाचे लांब टेबल हीच त्यांची खुर्ची. त्यावर चादर अंथरायची, मुलाला आडवे करायचे आणि उशाला एक जाड पुस्तक द्यायचे. पुस्तक मी निवडायचो. शब्दकोश उंच होई. नकाशांचे पुस्तक सगळ्यांना सोसायचे.

"आ काट्टु, कण्णा," बाई तमिळमध्ये म्हणत. आ दाखव, बाळा. भरवताना आई स्वतःच तोंड उघडते, हे तुम्ही पाहिले असेल. बाईंचे तसेच होते. मूल आ करीपर्यंत मास्कच्या आत त्यांचाही आ वासलेला असे.

त्यांच्या घरात तंजावरची मराठी. मी पुण्याकडचा. माझे बोलणे ऐकून त्या एकदा म्हणाल्या, "सार, तुम्ही बोलता की वाचून दाखवता?" मी पुस्तके लावत इकडेतिकडे फिरू लागलो की म्हणायच्या, "उगे बैसा, सार. पोरं तुमच्याकडे बघतात, माझ्याकडे जीभ येते."

जिभेशी त्यांचे जुने वैर होते. सहाव्या वर्षी मुलाला पहिली पक्की दाढ येते. तिच्यावर बारीक, खोल भेगा असतात. त्यांत ब्रश पोचत नाही, खाऊ मात्र पोचतो. कीड लागायच्या आत या भेगांवर पातळ लेप द्यायचा, त्याला सीलंट म्हणतात. एक सीलंट रेझिनचे. ते निळ्या प्रकाशाने घट्ट होते आणि पुष्कळ टिकते, पण दाढ ठणठणीत कोरडी हवी. जिभेने थुंकीचा थेंब लावला की काम फुकट. दुसरे ग्लास आयोनोमर. त्याला ओल चालते, त्यातून दाताला थोडे कीड रोखणारे फ्लोराइडही मिळते, पण ते लवकर निघते.

आसपासच्या शाळांना यांतले एकच पुरवायची एका ट्रस्टची तयारी होती. बाई सांगतील ते. बाईंच्या जिवाला तोच घोर होता. "मी चुकले तर अस्की पोरं भोगणार," त्या म्हणत. अस्की म्हणजे सगळी.

म्हणून त्यांनी पहिलीच्या मुलांच्या एका बाजूच्या दाढांना रेझिन लावले, दुसऱ्या बाजूच्या दाढांना ग्लास आयोनोमर. एकाच तोंडात दोघांची परीक्षा. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. रेझिन पांढरे होते आणि दुसरे गुलाबी.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. एका वर्गात गुलाबी जवळपास नाहीसे झाले होते, दुसऱ्यात पांढऱ्याची तीच गत. बाई चक्रावल्या. तेवढ्यात समोरचे दोन दात पडलेली मीनाक्षी टेबलावरून उठत म्हणाली, "डॉक्टर, मी पांढऱ्या पार्टीची."

"पार्टी कसली गं?"

मग सगळे कळले. मुलांनी आरशात रंग पाहिले होते. एक वर्ग पांढऱ्यांचा झाला, एक गुलाबींचा. आपली बाजू जपायची आणि शत्रूच्या बाजूने चकलीसारखा कडक मुरुक्कू चावायचा, असा नियम ठरला होता.

"नुसता मुरुक्कू?" बाईंनी विचारले.

"ऊसपण," मीनाक्षी म्हणाली. "आणि पेन्सिल. पण पेन्सिल फक्त गणिताच्या तासाला."

बाई मास्क काढून हसू लागल्या. हसता हसता माझ्या खुर्चीत बसल्या. "सार," डोळे पुसत म्हणाल्या, "माझं संशोधन मुरुक्कूनं खाल्लं."

मीनाक्षीला हसण्यात रस नव्हता. "डॉक्टर, तुम्ही कुठल्या पार्टीच्या?"

"पांढऱ्या," त्या म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी रेझिनचीच बाजू शिकवली होती.

त्यांच्याबरोबर आलेले एक प्राध्यापक हळूच म्हणाले, "मॅडम, हे दोन वर्ग वगळू या. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

निघालेले सगळे लेप त्यांनी पुन्हा लावले आणि पुढच्या वर्षीच्या पहिलीपासून नव्याने सुरुवात केली. या वेळी दोन्ही पदार्थ पांढरे. लावणारा एक, तपासणारा दुसरा. कोणत्या बाजूला काय आहे हे तपासणाऱ्यालाही सांगायचे नाही. "मीही पार्टीवालीच," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांवर भरवसा नको." त्या लेप लावत राहिल्या, तपासायला आपल्या एका विद्यार्थिनीला पाठवत राहिल्या, आणि तपासणीच्या दिवशी ग्रंथालयाबाहेर येरझाऱ्या घालत राहिल्या. त्यांना उगे बैसा म्हणायची संधी मी सोडली नाही.

काही वर्षांनी निकाल आला. रेझिन जास्त टिकले होते, ग्लास आयोनोमर पुष्कळ दाढांवरून निघाले होते. आणि कीड? दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच थोडी.

बाईंनी निकालाचा कागद माझ्यासमोर सरकवला. "सार, जे टिकतं ते चांगलं, असं मी शिकवत आले. पण आपल्याला सीलंट वाचवायचंय की दाढ?"

ट्रस्टच्या गृहस्थांना त्यांनी सांगितले की जिथे दाढ नीट कोरडी ठेवता येते तिथे रेझिन द्या, आमच्यासारख्या टेबलावर दुसरे द्या. आणि काहीही दिले तरी दर वर्षी कुणीतरी परत येऊन बघायला हवे.

"आम्ही सामान देतो, मॅडम," ते म्हणाले. "माणूस कुठून देणार?"

"मग मी येते," बाई म्हणाल्या.

आणि त्या येत राहिल्या. नोकरी संपल्यावर आल्या, आजार कळल्यावरही आल्या. शेवटी शेवटी उभे राहवत नसे, तेव्हा स्टुलावर बसून काम करत. आतून आ वासणे तसेच चालू होते. मास्क हनुवटीपाशी ताणलेला दिसे.

त्या शनिवारी परत पाठवलेल्या मुलांना पुढच्या शनिवारी त्यांच्या त्याच विद्यार्थिनीने तपासले. तिला कुणी बोलावले नव्हते. ती आता दर वर्षी येते.

पहिल्या वर्षीची मुले या वर्षी आठवीत गेली. बहुतेकांचे सीलंट केव्हाच निघून गेले आहे. दाढा आहेत.