खुर्शीदाबाईंची सही

बल्लारपुरात ब्लाऊज शिवायचा म्हटलं की बायका खुर्शीदाबाईंकडेच जात. बत्तीस वर्षं त्यांनी साऱ्या गावाची मापं घेतली, पण स्वतःच्या उजव्या स्तनातली गाठ चार महिने कुणाला सांगितली नाही. कळलं तेव्हा नवरा हाफिजभाई त्यांना तडक चंद्रपूरच्या इस्पितळात घेऊन गेले. गाठ लहानच होती, पण कॅन्सरची निघाली.

हाफिजभाईंचं ठरलंच होतं. स्तन काढा, काखेतल्याही गाठी काढा, एकदाची ब्याद जाऊ द्या. घाबरलेल्या माणसाला घाईच सुचते. संमतीच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन उघडलं, तेवढ्यात सिस्टर दिव्या म्हणाली, "चाचा, थांबा. पेशंट ह्या आहेत. पयले त्यायले ऐकू द्या."

तिने बाईंच्या हाती मोबाईल दिला. त्यात चित्रं होती, आणि इकडच्याच बोलीत कुणी बाई उपचार समजावत होती. लहान गाठ असली तर तेवढीच काढून पुढे किरणांचा शेक, म्हणजे रेडिएशन घेतलं, तरी अख्खा स्तन काढल्याइतकंच आयुष्य मिळतं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, काखेत प्रत्येकाला मुळातच असतात त्या सगळ्या गाठी काढल्या तर कधीकधी हात कायमचा सुजतो. खुर्शीदाबाईंनी तेवढंच तीनदा ऐकलं. कातर त्याच हाताने चालायची.

एरवी नवऱ्यामागे उभ्या राहणाऱ्या बाई डॉक्टर येताच पुढे झाल्या.

"डॉक्टरसाहेब, काखेतल्या साऱ्याच काढाव लागते का? आधी दोन-चार तपासून पाहाले जमन का?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. जमतं म्हणाले; त्यांत कॅन्सर नसला तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. हाफिजभाई कुरकुरले, परत उलटलं तर? एरवी नवऱ्याशी उर्दूत बोलणाऱ्या बाई डॉक्टरांनाही कळावं म्हणून मराठीतच बोलल्या, "शेक घ्याले मी रोज येईन. शरीर माहं आहे जी. सही मीच करतो."

आणि केली, ठळक अक्षरात.

स्तनातली तेवढी गाठ काढली, आणि काखेतल्या तपासलेल्या दोन-चार साफ निघाल्या. तीन आठवडे बाई सकाळच्या गाडीने शेकाला गेल्या. शेवटी कातडी भाजल्यासारखी लाल झाली, पण एकही खाडा नाही. लग्नसराईत शिलाई मशीन पुन्हा धडधडू लागलं, आणि वर्षाच्या तपासणीतही काही निघालं नाही.

आता चहाच्या टपरीवर हाफिजभाई सांगतात की आमच्या बेगमने असा सवाल टाकला, की डॉक्टर पाच मिनिटं विचार करत बसले. मागच्या महिन्यात ती दोनच मिनिटं होती.