रंगारीकाकांचा पहिला शब्द

मेडिकल कॉलेजात सूरबाईंचा तास जेवणानंतर असायचा. मुलं यायची ती हजेरी लावायला आणि पंख्याखाली डुलक्या काढायला. बाई आधी शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर संगीतोपचाराचा रीतसर अभ्यास करून इथे आल्या. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, डोस किती? जेवणाआधी की नंतर?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. त्या मुलाचं नाव मात्र तेव्हापासून 'डोसवाला' पडलं.

त्याच सुमारास वॉर्डात एक रंगारी दाखल झाले. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि एका झटक्यात उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. बोललेलं सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटेना. बाई काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"काकू, काकांच्या आवडीचं गाणं कुठलं?" डोसवाल्यानं त्यांच्या बायकोला विचारलं.

काकूंचा चेहरा खुलला. "एकच आहे बाबा. लग्न झाल्यापासून आमच्याकडे रोज सकाळी तेच लागतं."

मोबाइलवर गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपायच्या आत काकांनी डाव्या हातानं पाण्याचा पेला भिरकावला. तो डोसवाल्याच्या कोटावर रिकामा झाला.

"नको!" काका ओरडले.

आजारपणातला त्यांचा तो पहिला शब्द होता.

"गाणं रोज लावायचं कोण, काकू?" बाईंनी हळूच विचारलं.

"मीच की." बोलता बोलता काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं... अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!" त्यांना हसावं की रडावं कळेना. काका अर्ध्या चेहऱ्यानं हसत होते.

बाहेर आल्यावर बाई विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "चूक माझी. काका मानेनं हो-नाही सांगू शकतात आणि आपण विचारलं काकूंना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांनाच विचारलं, "थोडं गुणगुणून बघू या का?" काकांनी मान हलवली. मग बाई काकूंकडे वळल्या. "घरी हे तुम्हाला हाक कशी मारायचे?"

"कशी म्हणजे? शिडीवरून मारावी तशी. अगं एऽऽ!" काकूंचा 'अगं' खाली राहिला आणि 'ए' वर चढला.

बाईंनी नेमके ते दोन सूर धरले. काकांचा डावा हात गादीवर थापटत त्या गुणगुणू लागल्या. विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली तरी कधीकधी सूर शाबूत राहतो. त्याचा हात धरून एखादा शब्द बाहेर येतो. कधी येतही नाही."

पाळीपाळीनं मुलं रोज बसू लागली. कितीतरी दिवस नुसतं 'अं अं' व्हायचं. काका वैतागायचे, भिंतीकडे तोंड करायचे. डोसवाल्याचा गळा भयंकर होता, पण तो आला की काकांची कळी खुलायची.

एका दुपारी काकू खिडकीशी टॉवेलच्या घड्या घालत होत्या. मागून हाक आली, "अगं एऽऽ!"

"आले हो!" काकू सवयीनं म्हणाल्या. मग टॉवेल छातीशी धरून तिथेच खाली बसल्या.

त्याच चालीवर 'पाणी दे' आलं, 'उशी काढ' आलं. विभागप्रमुखांना कॉलेजच्या अंकात छापायचं होतं, 'संगीताने वाचा परत आणली'. बाईंनी ते खोडलं. "वाचा-उपचाराच्या ताई रोज मेहनत घेतायत, त्यांचं आधी लिहा, सर. आणि कित्येकांना याचा गुण येत नाही, तेही छापा."

काका पूर्वीसारखे बोलू लागले नाहीत. शिडी तर कायमची सुटली. घरी जायच्या दिवशी डोसवाल्यानं त्यांना टॅक्सीत बसवलं. "पाय आत घ्या, काठी सांभाळा, हात दारात येईल," काकूंचा धोशा चालला होता.

"कळतंऽऽ!" काका सुरात म्हणाले.

"कळतं तर घ्या ना मग!" काकूंनीही सूर लावला. टॅक्सी वळणावर गेली तरी दोघांचं चालूच होतं.