दसऱ्याला लुटलेला पिवळा कांचन

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्ही विचारलंत, "आजी, खिडकीतलं पिवळं झाड कुठे गेलं?" मी "छाटलंय" म्हणाले आणि विषय बदलला. डिसेंबरात तुम्ही इथे काष्टीला याल आणि आधी मागच्या अंगणात पळाल. म्हणून खरं काय ते आत्ताच लिहिते.

ते झाड म्हणजे पिवळा कांचन. झाड कसलं, झुडूपच. माझ्या डोक्याहून हातभर उंच. तुमच्या आजोबांनी राजूरहून पाच बिया आणल्या होत्या. बी टणक, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. आपली माती काळी, पाणी धरून ठेवणारी. मुळं कुजू नयेत म्हणून त्यांनी खड्ड्यात मुरूम आणि शेणखत भरलं. पाचातलं एकच रोप जगलं. शेळ्यांपासून ते राखायला आम्ही बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. पहिलं फूल उमलण्याआधीच आजोबा गेले. फुलं फिक्या पिवळ्या घंटांसारखी, आत गडद तांबडा ठिपका. यंदा पहिल्यांदाच शेंगा धरल्या. त्या वाळल्या की तुम्ही दोघांनी आपल्या हातांनी एकेक बी लावायचं, असं मी ठरवलं होतं.

गेल्या दसऱ्याला आमच्या गल्लीत सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानं मिळेनात. कांचनाचं पान तसंच, मधोमध दुमडणारं. मी मूठभर तोडून वाटली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शाळेत जन्म गेलेली बाई मी! "आपट्याचंच भावंड आहे हे," असं दारोदार समजावून सांगितलं.

यंदा खंडेनवमीला मी नगरला बहिणीकडे गेले आणि दसऱ्याला दुपारी परतले. मागचं दार उघडलं आणि तिथेच थांबले. कांचन नव्हता. गुडघ्याएवढा बुंधा उरला होता, कोयत्याने कापलेला. बुंध्याला हळदकुंकू लावलेलं, पुढे सुपारी ठेवलेली. काट्यांचं कुंपण नीट बाजूला करून पुन्हा जागेवर लावलं होतं. चोराने असं केलं नसतं. पिशवी हातातच राहिली.

तेवढ्यात शेजारीण कुंपणापलीकडून हसत म्हणाली, "आलात का बाई? औंदा डोंगराला जायाचं काम पडलं न्हाई बगा. पोरं म्हनली, सोनं तर बाईंच्या दारातच हाय!"

"कुणाला विचारून कापलंत?"

"आवो, झाडाला इचारलं की! पूजा करूनच तोडलं. आन् तुमीच तर म्हनला हुता, आपट्याचं भावंड हाय म्हून."

"भावंड म्हणाले होते. आपटा नव्हे."

तिचं हसू गेलं. "मंग तवाच सांगायचं न्हाई का, बाई, की तोडू नका?"

सोनं लुटायला फांद्या देवळात नेतात, म्हणून मी तशीच तिकडे गेले. फांद्या देवापुढे रचल्या होत्या, पानं बहुतेक ओरबाडून नेलेली. ढिगात हात घालून सगळ्या शेंगा वेचल्या. हिरव्याच होत्या, एक उघडून पाहिली तर आतलं बी कोवळ्या वाटाण्यासारखं मऊ.

संध्याकाळी सगळी गल्ली सोनं द्यायला माझ्या दारी आली. प्रत्येकाने माझ्याच झाडाचं पान माझ्या हातावर ठेवलं, वाकून नमस्कार केला. "बाई, सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा." मी घेत राहिले. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, हेच मला सोसवत नव्हतं. रागवायचं कुणावर? शेवटी शेजारीण आली, तिने पान दिलं नाही. नुसती पाया पडली आणि म्हणाली, "रोज घागरभर पानी मी घालीन त्याला."

ती घालते आहे. शेंगांमधल्या बिया मात्र सुकून सुरकुतल्या. त्यातली एकही रुजणार नाही. डिसेंबरात लावायला तुमच्यासाठी बी नाही आणि यंदा फूलही नाही. बुंधा जिवंत आहे. त्याला तीन फुटवे आले आहेत, आणि सगळ्यात उंच फुटव्याला आज सात पानं आहेत.